हवालदार घरी येऊन गेला. व्हॅनवाल्याकडे कोण गेलं?

प्रश्न : गेल्या वर्षी माझ्या थोरल्या मुलाची शासकीय माध्यमिक शाळेत शिक्षक म्हणून निवड झाली. त्या वेळी त्याचं 'चरित्र सत्यापन' झालं. ठाण्यातून हवालदार घरी आला, कागद पाहिले, शेजारच्या दोघांना "मुलगा कसा आहे?" असं विचारलं, सह्या घेतल्या आणि गेला. तेव्हापासून एक विचार डोक्यात घोळतो आहे. माझी नात ज्या व्हॅनने शाळेत जाते तिचा चालक, शाळेचा चौकीदार, ती रानीतालला खेळायला जाते तिथली मंडळी, या सगळ्यांकडेही असा हवालदार जातो का? जात असेल तर तो नेमकं काय शोधतो? आणि एक घरचा प्रश्न. धाकट्या मुलीला आता शासकीय कन्या छात्रावासात नोकरी मिळते आहे. कॉलेजात असताना एका चक्काजाममध्ये तिला इतर मुलींबरोबर ठाण्यात नेलं होतं. पुढे कोर्टात किरकोळ दंड भरून प्रकरण मिटलं. फॉर्ममध्ये हे लिहायचं की नाही, यावर घरात दोन मतं आहेत.
— एक आजी, राइट टाउन, जबलपूर

उत्तर : आजी, तुमच्या मुलाकडे आलेला हवालदार शाळेतल्या मुलांच्या काळजीने आला नव्हता. त्याला सरकारने पाठवलं ते सरकारच्या स्वतःच्या काळजीपोटी. सरकारी नोकरीत शिरणारा माणूस विश्वासाचा आहे ना, एवढंच त्याला पाहायचं होतं. तुमचा मुलगा शिक्षक न होता पाटबंधारे खात्यात बाबू झाला असता, तरी तोच फॉर्म, तेच ठाणं आणि शेजारचे तेच दोघे. मुलांमध्ये रोज वावरणाऱ्या माणसाची निराळी चौकशी व्हावी, हा विचार आपल्याकडे कागदावर यायला फार वर्षं गेली. तुमच्या एका प्रश्नात या दोन वेगवेगळ्या तपासण्या मिसळल्या आहेत. आधी त्या सुट्या करू.

पहिली तपासणी जुनी, इंग्रजी अमलापासून चालत आलेली. महाराष्ट्रात तिला चारित्र्य पडताळणी म्हणतात, तुमच्याकडे चरित्र सत्यापन. उमेदवाराकडून खातं एक साक्षांकन पत्र भरून घेतं. गेल्या पाच वर्षांत एक वर्षाहून जास्त काळ कुठे कुठे राहिलात, कधी अटक झाली का, खटला चालला का, चांगल्या वर्तणुकीची हमी लिहून द्यावी लागली का, दंड किंवा शिक्षा झाली का, आज काही प्रकरण प्रलंबित आहे का, असे प्रश्न त्यात असतात. खोटी माहिती दिली किंवा माहिती दडवली तर नोकरी जाईल, हा इशाराही त्यातच छापलेला असतो. हा फॉर्म पोलीस अधीक्षकांच्या कार्यालयामार्फत ठाण्यात येतो. तिथे नोंदी पाहतात, हवालदार मोहल्ल्यात फिरून येतो, खेडं असेल तर सरपंच किंवा कोटवाराला विचारतो आणि अहवाल परत जातो. पूर्वी एका ठाण्याची वही दुसऱ्या ठाण्याला दिसत नसे. सिवनीत गुन्हा करून जबलपुरात भाड्याने राहायला आलेला माणूस इथल्या वहीत कोराच असायचा. आता ठाणी सीसीटीएनएस या संगणकीय जाळ्याने जोडली गेली आहेत. पण नाव नीट घातलं आणि शोधणाऱ्याने मनापासून शोधलं, तरच त्या जाळ्याचा उपयोग.

मध्य प्रदेशात याला आणखी एक नियम जोडलेला आहे. राज्याच्या १९६१ च्या सेवा-शर्ती नियमांतला सहावा नियम लोकांना माहीत झाला तो दोन अपत्यांच्या अटीमुळे. त्याच नियमात असंही म्हटलं आहे, की स्त्रियांविरुद्धच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला उमेदवार सरकारी पदाला पात्र नाही, आणि असा खटला चालू असेल तर निकाल लागेपर्यंत त्याची नेमणूक थांबवून ठेवायची. हा नियम मला महत्त्वाचा वाटतो. साऱ्या खात्यांना तो सारखाच लागू आहे, पण शाळा-छात्रावासाच्या दारात त्याचं वजन सगळ्यात जास्त.

आता दुसरी तपासणी, म्हणजे खास मुलांसाठीची. लैंगिक अपराधांपासून मुलांचं संरक्षण करणारा पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झाला. त्यात शाळेच्या कर्मचाऱ्याने, पोलिसाने, कोणत्याही लोकसेवकाने केलेला अत्याचार अधिक गंभीर धरून जास्त शिक्षा ठेवली होती. म्हणजे विश्वासाच्या जागी बसलेल्या माणसाचा गुन्हा मोठा, हे कायद्याने मान्य केलं. पण तो माणूस त्या जागी बसण्याआधी काय करायचं, याची तरतूद मूळ कायद्यात नव्हती. ती आली ९ मार्च २०२० च्या पॉक्सो नियमांत. मुलांना ठेवून घेणारी किंवा मुलांशी नेहमी संबंध येणारी कोणतीही संस्था, मग ती शाळा असो, पाळणाघर असो, क्रीडा अकादमी असो की मुलांसाठीची दुसरी एखादी सोय, तिने मुलांच्या संपर्कात येणाऱ्या प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी आणि पूर्वेतिहासाची चौकशी ठरावीक काळाने करायलाच हवी. शिकवणारा असो वा न शिकवणारा, कायम असो वा कंत्राटी.

यातला एकेक शब्द मोलाचा आहे. 'ठरावीक काळाने' म्हणजे नोकरीला लागताना एकदा तपासलं आणि निवृत्तीपर्यंत विसरून गेलं, हे चालणार नाही. 'कंत्राटी' म्हणजे अतिथी शिक्षक, आउटसोर्सवर आलेला सफाई कामगार, एजन्सीचा चौकीदार, सगळे आले. 'क्रीडा अकादमी' म्हणजे मैदानही आलं. रानीतालला तिरंदाजीची राज्य अकादमी आहे. तिथे धनुष्य हातात घेणाऱ्या मुलामुलींनाही हे संरक्षण वर्गातल्या मुलांइतकंच लागू. हे नियम केंद्राचे आहेत, म्हणून जबलपूरला आणि नागपूरला सारखेच. १९५६ पर्यंत ही दोन्ही शहरं एकाच प्रांतात होती, आज त्यांचे सेवानियम वेगळे आहेत, त्यामुळे नागपूरच्या नातेवाइकांनी सांगितलेला एखादा शासन निर्णय तुम्हाला लागू नसेल. पॉक्सोचे नियम मात्र लागू आहेतच.

मग व्हॅनवाल्याकडे कोण गेलं? बहुतेक वेळा कोणीच नाही. नियम बोलतो संस्थेच्या कर्मचाऱ्याबद्दल. पालकांनी चार घरांत मिळून ठरवलेली व्हॅन शाळेची नसते आणि चालकही शाळेचा कर्मचारी नसतो. शाळा म्हणते, आमचा संबंध नाही. चालकाला तर कोणी काही विचारतच नाही. तुमच्या नातीच्या दिवसातला अर्धा-पाऊण तास असा कोणाच्याच वहीत नाही. शाळेची स्वतःची बस असली तर जबाबदारी शाळेवर येते. ही भीती नुसती मनातली नाही. २०२२ च्या सप्टेंबरात भोपाळच्या एका खासगी शाळेच्या बसमध्ये साडेतीन वर्षांच्या मुलीवर अत्याचार झाला आणि डिसेंबरात न्यायालयाने चालकाला आणि बसमधल्या बाईंनाही दोषी ठरवलं. बसमध्ये एक बाई असली की मुली सुरक्षित, या समजुतीवर आपण सगळे विसंबून होतो.

चौकीदाराची गोष्ट निराळी. तो खासगी सुरक्षा एजन्सीचा असेल तर २००५ च्या कायद्याप्रमाणे त्याच्या चारित्र्याची खात्री करून घेणं एजन्सीला बंधनकारक आहे. म्हणजे मुलांसाठी कायदा होण्याच्या कितीतरी आधी बँकेच्या आणि कारखान्याच्या दारावरच्या माणसासाठी कायदा झाला होता. मालमत्तेची काळजी आपल्याला मुलांच्या काळजीच्या आधी सुचली, हे लिहिताना मला वाईट वाटतं.

खरी अडचण होते ती कंत्राटाच्या साखळीत. खातं एजन्सीला काम देतं, एजन्सी माणूस पाठवते, मुख्याध्यापकांना त्याचं पूर्ण नावही ठाऊक नसतं. आज एक येतो, उद्या दुसरा. पडताळणी कोणी करायची हे विचारलं की प्रत्येक जण पुढच्याकडे बोट दाखवतो. बदलापूरला ऑगस्ट २०२४ मध्ये जे झालं ते महाराष्ट्र विसरणार नाही. शाळेतल्या चार वर्षांच्या दोन मुलींवर अत्याचार केल्याचा आरोप ज्याच्यावर होता, तो सफाईच्या कामासाठी कंत्राटावर आला होता, तेही त्याच महिन्यात. २० ऑगस्टला लोक रेल्वेच्या रुळांवर उतरले. मुंबई उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली, निवृत्त न्यायमूर्तींची समिती नेमली गेली, सरकारने शाळांना कॅमेऱ्यांची आणि कर्मचाऱ्यांच्या पडताळणीची सक्ती केली. त्या प्रकरणातला आरोपी सप्टेंबरात पोलिसांच्या गोळीने मेला, त्यामुळे त्याच्यावरचा आरोप न्यायालयात सिद्ध व्हायचा राहूनच गेला. पण आपल्या मुद्द्यासाठी एक गोष्ट पुरेशी आहे. कर्मचाऱ्यांच्या पडताळणीचा नियम त्या वेळी चार वर्षांचा झाला होता आणि तरीही सरकारला तो नव्याने बजावून सांगावा लागला.

इथे मला थोडं थांबून दुसरी बाजू सांगितली पाहिजे. अशी पत्रं आली की लोकांना वाटतं, तपासणी जितकी कडक तितकी चांगली. पण तपासणी ज्या वहीवरून होते ती वही कोणी लिहिली, हेही विचारायला हवं. आणि हा प्रश्न जबलपूरकरांनी तर विचारायलाच हवा, कारण माणसांची अशी वही लिहिण्याचं काम तुमच्या गावात फार लवकर सुरू झालं.

कटनीच्या वाटेवरचं स्लीमनाबाद ज्याच्या नावाने आहे, त्या विल्यम स्लीमनने १८३० च्या दशकात जबलपुरात बसून ठगांविरुद्धची मोहीम चालवली. पकडलेल्यांपैकी काहींना माफीचे साक्षीदार केलं, त्यांच्याकडून नावं काढून घेतली आणि कुटुंबांच्या वंशावळी रचल्या. त्या त्याच्या १८३६ च्या 'रामासीयाना' या पुस्तकात छापल्या गेल्या. वाटसरूंचे गळे आवळणाऱ्यांना पकडणं जरुरीचंच होतं. पण वंशावळीच्या कागदावर बापाच्या नावाखाली मुलाचं नाव येतं आणि मुलाने अजून काही केलेलं नसतं. या माफीच्या साक्षीदारांसाठी जबलपुरात उद्योगशाळा निघाली. तिथे ते आणि त्यांची मुलं तंबू आणि गालिचे विणत, पण पहाऱ्यात. मुलांचा गुन्हा काय, तर जन्म. पुढे १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने हीच रीत देशभर पसरायला सुरुवात झाली. सोलापूरचं तारेच्या कुंपणातलं सेटलमेंट त्याच रीतीतलं. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी गेला आणि त्या जमाती विमुक्त म्हणवल्या गेल्या. तरी लक्ष्मण गायकवाडांचं 'उचल्या' हे आत्मकथन १९८७ मध्ये आलं, तेव्हा मराठी वाचकाला कळलं की कायदा गेला तरी पोलिसांची नजर गेलेली नाही.

हा इतिहास अजून संपलेला नाही. ७ मे २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या एका हिस्ट्रीशीटच्या (पोलिसांनी संशयितावर ठेवलेल्या नोंदीच्या) प्रकरणात निकाल देताना नोंदवलं, की मागास, गरीब, विमुक्त समाजांतल्या निरपराध माणसांच्या हिस्ट्रीशीट निव्वळ जातीच्या आकसाने उघडल्या जातात असा आरोप आहे, आणि सगळ्या राज्यांना आपल्या पद्धती तपासायला सांगितलं. म्हणून छात्रावासात स्वयंपाकाला येणारी बाई कोणत्या वस्तीतली आहे यावरून तिच्याकडे संशयाने पाहणं म्हणजे पडताळणी नव्हे. काय केलं ते तपासायचं, कोणाच्या पोटी जन्मली ते नाही. आणि केलं असा आरोप असेल तर त्याचं पुढे काय झालं तेही वाचायचं. २०१७ मध्ये गुरुग्रामच्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, तेव्हा पोलिसांनी बसच्या कंडक्टरला पकडलं आणि देशभर त्याचा चेहरा दाखवला गेला. त्याच वर्षी सप्टेंबरात सीबीएसईने सगळ्या संलग्न शाळांना कर्मचाऱ्यांच्या पोलीस पडताळणीचा आदेश दिला. नंतर केंद्रीय अन्वेषण विभागाने तपास केला, संशय दुसरीकडे वळला आणि न्यायालयाने त्या कंडक्टरला आरोपातून मुक्त केलं. 'कधी अटक झाली होती का?' या प्रश्नासमोर त्या निर्दोष माणसाला जन्मभर 'होय' असंच लिहावं लागेल.

आता याच्या उलट टोकाचं उदाहरण, इंग्लंडमधलं. तिथे शाळेत काम करणाऱ्यांची नोंद तपासण्यासाठी मार्च २००२ मध्ये एक स्वतंत्र कार्यालय सुरू झालं होतं. त्याच ऑगस्टमध्ये सोहम नावाच्या गावात दहा वर्षांच्या दोन मुलींचा खून झाला. खुनी होता गावातल्या एका शाळेचा केअरटेकर. त्याला नोकरी देण्याआधी पडताळणी झाली होती आणि कागद स्वच्छ आला होता. १९९५ नंतरच्या काही वर्षांत दुसऱ्या जिल्ह्यात त्याच्याविरुद्ध मुलींच्या आणि स्त्रियांच्या बाबतीत एकामागून एक तक्रारी आल्या होत्या. कशातच शिक्षा झाली नव्हती, तिथल्या पोलिसांनी त्या नोंदी नीट जपल्या नाहीत, आणि इकडे पोलिसांनी तपासलं ते त्याने घेतलेल्या दुसऱ्याच आडनावाने. सर मायकेल बिचर्ड यांच्या चौकशीने २००४ मध्ये हे सगळं मांडलं. त्यातून २००६ चा कायदा झाला आणि मुलांबरोबर काम करण्यास मनाई असलेल्या व्यक्तींची यादी नव्याने उभी राहिली. आणखी एक गोष्ट मनात राहते. त्या मुली त्याच्या शाळेतल्या नव्हत्याच. त्याच्याबरोबर राहणारी बाई त्यांच्या शाळेत शिकवायला मदत करायची, म्हणून त्या त्याला ओळखत होत्या.

आपल्याकडे लैंगिक गुन्हेगारांची राष्ट्रीय नोंद २० सप्टेंबर २०१८ रोजी सुरू झाली, तेव्हाच तिच्यात साडेचार लाखांच्या आसपास नोंदी होत्या. ती फक्त पोलीस आणि तपास यंत्रणांना उघडता येते. शाळेला किंवा पालकांना ती पाहता येत नाही, आणि मला हे योग्य वाटतं, कारण अशी यादी गल्लीत फिरली तर काय होईल ते आपण जाणतो. पण म्हणूनच शाळेने पोलिसांकडे अर्ज करणं टाळलं, तर ती नोंद असून नसल्यासारखी. शाळेने विचारलं नाही, तर पोलीस आपणहून सांगायला येणार नाहीत.

आणि सगळं विचारून झालं, कागद स्वच्छ आला, तरी त्याचा अर्थ एवढाच, की या माणसाचं नाव आजवर पोलिसांनी लिहून घेतलेलं नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं एकच गोष्ट दाखवतात. मुलांवरच्या बलात्काराच्या गुन्ह्यांत दहापैकी नऊहून अधिक वेळा आरोपी मुलाच्या ओळखीचाच असतो. असे पुष्कळ जण पहिल्यांदाच पकडले जातात, कारण आधीच्या वेळी मूल बोललं नव्हतं किंवा बोललं तेव्हा मोठ्यांनी त्याला गप्प केलं होतं. म्हणून पॉक्सोच्या कलम २१ कडे लक्ष द्या. गुन्हा कळूनही तक्रार न करणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते, आणि संस्थेचा प्रमुख आपल्या हाताखालच्या माणसाबद्दल गप्प राहिला तर एक वर्षापर्यंत. मुख्याध्यापकांनी "शाळेचं नाव खराब होईल" म्हणून मिटवलेलं प्रत्येक प्रकरण पुढच्या शाळेच्या पडताळणीत कोरा कागद होऊन येतं.

आजी, तुम्ही काय करू शकता? शिक्षणहक्क कायद्याप्रमाणे सरकारी शाळेच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया. तुमच्याकडे तिला शाला प्रबंधन समिती म्हणतात. नात ज्या शाळेत आहे ती सरकारी असेल तर सुनेला सांगा, पुढच्या बैठकीत एकच मागणी ठेवायची: शाळेच्या आवारात रोज येणाऱ्या प्रत्येक माणसाचं नाव, तो कोणामार्फत आला आणि त्याची पडताळणी कधी झाली, असं एक रजिस्टर. कोणाच्या घरची माहिती नको, फक्त तारीख. मी पाहिलं आहे की जिथे अशी तारीख लिहावी लागते तिथे ती रिकामी ठेवायला माणूस लाजतो. शाळा खासगी असेल तर हीच मागणी पालकांनी मिळून लेखी करायची. व्हॅनवाल्याच्या बाबतीत चारही घरांनी मिळून त्याला पोलिसांच्या पोर्टलवरून चरित्र सत्यापनाचा अर्ज करायला सांगा आणि त्याची फी तुम्ही भरा. त्याला अपमान वाटू नये म्हणून आधी समजावून सांगा, की तुमच्या मुलाचंही असंच झालं होतं. आणि नातीला १०९८ हा नंबर पाठ करायला लावा. घरातलं कोणी दुखावलं तरी तो नंबर तिचा आहे, हे तिला माहीत असू दे.

तुमच्या धाकट्या मुलीकडे येण्याआधी याच विषयावरचं आणखी एक छोटं पत्र घेतो.

प्रश्न : माझा भाचा पंधरा वर्षांचा असताना एका मारामारीत सापडला होता. बाल न्याय मंडळापुढे प्रकरण चाललं आणि संपलं. आता तो चोवीस वर्षांचा आहे, शारीरिक शिक्षणाची पदवी घेतली आहे आणि शाळेत खेळाचा शिक्षक व्हायचं म्हणतो. ते जुनं प्रकरण निघेल का?
— एक मामा, गढा, जबलपूर

उत्तर : निघता कामा नये. २०१५ च्या बाल न्याय कायद्याचं कलम २४ सांगतं, की बालवयातल्या अशा प्रकरणामुळे पुढे कोणतीही अपात्रता येत नाही. कलम ७४ तर पोलिसांनाच बांधून ठेवतं. बंद झालेल्या किंवा निकालात निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्याच्या दाखल्यासाठी त्यांनी उघड करायची नाही. सोळा ते अठरा वर्षांच्या ज्या मुलांवर प्रौढांप्रमाणे खटला चालून ती दोषी ठरतात, त्यांचा अपवाद आहे. तुमच्या भाच्याला तो लागू नाही. ठाण्याने अहवालात ते लिहिलंच, तर कलमाचा आकडा देऊन लेखी हरकत घ्या. ज्या मुलाला एकदा कोणीतरी सावरलं, तो पुढे मुलांना मैदानावर शिकवायला उभा राहत असेल, तर मला त्यात धोका दिसत नाही.

उत्तर (पुढे चालू) : आता तुमच्या मुलीचा चक्काजाम. घरातल्या दोन मतांपैकी 'लिहू नये' म्हणणाऱ्यांना वाटतं, दंड भरला म्हणजे प्रकरण संपलं. तसं नाही. कोर्टात गुन्हा कबूल करून दंड भरणं म्हणजे कायद्याच्या भाषेत दोषी ठरणंच, रक्कम शंभर रुपये असली तरी. फॉर्ममधल्या 'कधी दंड किंवा शिक्षा झाली का?' या प्रश्नाचं खरं उत्तर 'होय' आहे. हवालदार ठाण्याच्या नोंदीत ते पाहणार आणि तिने 'नाही' लिहिलेलं असेल तर चक्काजाम बाजूला राहील, खोटं बोलणं हाच मोठा मुद्दा होऊन बसेल.

यावर सर्वोच्च न्यायालयाचा २१ जुलै २०१६ चा अवतार सिंग निकाल आहे. तीन न्यायमूर्तींच्या खंडपीठाने त्यात अशा प्रकरणांसाठी मुद्देवार दिशा घालून दिली. त्यात किरकोळ गुन्ह्याचं उदाहरण म्हणून तरुणपणी दिलेल्या घोषणा हेच दिलेलं आहे. जे सांगितलं असतं तर नोकरी गेली नसती असं किरकोळ प्रकरण कोणी दडवलं, तरी नोकरी देणारा स्वतःच्या अधिकारात त्याकडे दुर्लक्ष करू शकतो. पण 'करू शकतो', करायलाच हवं असं नाही. त्या भरवशावर राहू नका. आणि खरं लिहिलं म्हणजे नोकरी पक्की, असंही समजू नका. मध्य प्रदेशातल्याच एका उपनिरीक्षक भरतीत उमेदवाराने आपलं जुनं प्रकरण प्रतिज्ञापत्रात सांगितलं होतं, पुढे त्यात तडजोडही झाली, तरी राज्याने त्याला नाकारलं. उच्च न्यायालयाचा कौल त्याच्या बाजूने गेला होता, सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये तो फिरवला. पूर्वेतिहास सांगितल्यावरही तो तोलून पाहण्याचा हक्क नेमणाऱ्याकडे राहतो. पण ते पद पोलिसाचं होतं आणि प्रकरण मारहाणीचं; इथे पद छात्रावासातलं आहे आणि प्रकरण रस्ता अडवण्याचं, हा फरक तुमच्या मुलीच्या बाजूने आहे. एखाद्या मागणीसाठी रस्त्यात बसलेली विद्यार्थिनी छात्रावासातल्या मुलींना धोकादायक ठरते, असं म्हणायला मला तरी कारण दिसत नाही.

तेव्हा तिला लिहू द्या. 'होय' लिहून थांबू नये. ठाण्याचं नाव, गुन्हा क्रमांक, वर्ष, कलम, कोर्टाचं नाव, दंडाची रक्कम आणि तारीख, सगळं स्पष्ट. गुन्हा क्रमांक आठवत नसेल तर ठाण्यातून विचारून घ्या. जिल्हा न्यायालयाच्या नक्कल शाखेत अर्ज करून आदेशाची प्रमाणित प्रत काढा. तिला काही दिवस लागतील, म्हणून फॉर्म देण्याची तारीख कोणती आहे ते आजच पाहा. प्रत मिळेपर्यंत तारीख उलटत असेल तर फॉर्मसोबत नक्कलेच्या अर्जाची पावती जोडा आणि 'प्रत मिळताच सादर करते' असं लिहून तिची सही घ्या. दंडाची जुनी पावती घरात असेल तर तीही सांभाळून ठेवा.